पानं हातभर, पण कोबीला गड्डा नाही : चूक कुठे शोधायची आणि काय करायचं

परसबागेत कोबी लावणाऱ्यांची जानेवारीतली तक्रार ठरलेली असते. झाड तब्येतीने उत्तम, पानं ताटाएवढी, आणि मध्ये हात घालून बघावं तर गड्डा नाही. खत वाढवलं की पानं आणखी फोफावतात, मधला भाग तसाच मोकळा. मग बियाणं खराब निघालं असं ठरतं, पुढच्या वर्षी दुसरं पाकीट येतं आणि जानेवारीत पुन्हा तेच.

बियाणं क्वचितच खराब असतं. बहुतेक वेळा तारीख चुकलेली असते. आपल्याकडच्या हिवाळ्यात कोबी थंडीने मरत नाही, त्याला थंडी पुरत नाही. गड्डा म्हणजे झाडाचा न उघडलेला पोगाच, खोडाच्या टोकाचा कोवळा शेंडा. नवी पानं येत राहतात, पण बाहेर न पसरता एकमेकांवर मिटत जातात. दिवस-रात्रीचं सरासरी तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असलं की हे सहज होतं. सरासरी २५ च्या वर गेली की पानं मिटायचं विसरतात. पुण्यासारख्या ठिकाणी ऑक्टोबरची सरासरी २५ च्या घरात असते, डिसेंबरात ती २०-२१ वर उतरते आणि मार्चमध्ये पुन्हा २५ ओलांडते. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे ऐंशी-नव्वद दिवसच आपल्या कामाचे. गड्डा भरण्याचा काळ त्यात बसला पाहिजे. न बसलेल्या झाडाला काहीही घाला, उपयोग नाही.

तरीही सरसकट तारखेवर बोट ठेवू नका. आधी झाड बघा.

पोगा आहे का?

सकाळी उजेड चांगला असताना झाडाशी बसा आणि मधली पानं दोन बोटांनी अलगद बाजूला करा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

एक, पोगाच नाही. खोडाच्या टोकाला वाळलेला, तपकिरी डाग, आणि भोवती जाड, गडद, जरा ठिसूळ झालेली पानं. हे झाड आंधळं झालं. त्याला गड्डा कधीच येणार नाही, उपटून जागा मोकळी करा.

दोन, एका पोग्याऐवजी तीन-चार छोटे फुटवे. मुख्य पोगा गेला म्हणून बगलेतले डोळे जागे झाले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हे लक्षात आलं तर सर्वांत जोमदार फुटवा ठेवून बाकीचे नखाने खुडा. पाव-अर्धा किलोचा का होईना, एक गड्डा मिळू शकतो. सगळे ठेवलेत तर लिंबाएवढ्या गाठी मिळतील.

तीन, पोगा शाबूत आहे. मग चूक दुसरीकडे आहे, पुढे वाचा.

पहिल्या दोन्ही प्रकारांत दोषी बहुधा गड्डा पोखरणारी अळी. रोप लावल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती पोग्यात शिरते, कोवळी पानं बारीक जाळीने एकत्र ओढते आणि आत बसून शेंडा खाते. बाहेरून एवढंच दिसतं की पोग्यावर बारीक जाळं आणि चहाच्या भुकटीसारखी विष्ठा आहे. दर दोन दिवसांनी एवढं एक बघितलं तर अळी काडीने काढून टाकता येते. पन्नास रोपांना दहा मिनिटं पुरतात. नंतर जानेवारीत औषध मारण्यापेक्षा ही दहा मिनिटं लाखमोलाची.

दुसरं कारण आपलेच हात. रोप फार खोल लावलं आणि पाणी देताना पोग्यात माती गेली तर तो कुजतो. बियाण्याची पहिली दोन पानं मातीलगत येतील एवढंच खोल लावा. झारीचं पाणी पोग्यावर नको, बुंध्याशी द्या.

देठ बघा, तो खरं सांगतो

पोगा ठीक असेल तर मधली सर्वांत नवी चार-पाच पानं बाहेरच्या पानांशी ताडून बघा. बाहेरच्या पानाला लांब देठ असतो. गड्डा धरायला निघालेल्या झाडाची मधली पानं आखूड देठाची असतात, लांबीपेक्षा रुंदीला जास्त होतात आणि कडा आत वळवून ओंजळीसारखी उभी राहतात. हे दिसलं की निर्धास्त राहा, दोन-तीन आठवड्यांत हाताला गड्डा लागेल.

मधली पानंही लांब देठाची, अरुंद आणि बाहेर झुकणारी असतील तर झाडाला एकतर ऊब जास्त होते आहे किंवा ऊन कमी पडतं आहे. दोन्हींत पान असंच लांबतं. त्यांतलं नेमकं कुठलं, ते जागा आणि तारीख बघून ठरतं.

तारखेचा हिशेब उलटा करा

पाकिटावर लिहिलेले दिवस हे सहसा रोप लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हे. त्यात रोपवाटिकेचे २८ ते ३० दिवस वेगळे धरावे लागतात. इथेच बहुतेकांचा हिशेब एक महिन्याने चुकतो.

गोल्डन एकर ही लहान, गोल, घट्ट गड्ड्याची लवकर येणारी जात. लागणीपासून ६० ते ६५ दिवस, गड्डा एक ते दीड किलो. प्राइड ऑफ इंडियाला दहा दिवस जास्त. पुसा ड्रमहेड चपट्या, मोठ्या गड्ड्याची, तीन किलोंच्या पुढे जाणारी, पण तिला ८० ते ९० दिवस लागतात आणि तेही खऱ्या थंडीचे.

आता हे कॅलेंडरवर मांडा. १५ सप्टेंबरला बी, १५ ऑक्टोबरला लागण, तर गोल्डन एकर नाताळाच्या सुमारास तयार. गड्डा भरण्याचा महिना अगदी थंडीत पडला. तेच बी दिवाळीची गडबड उरकून १० नोव्हेंबरला टाकलं तर लागण १० डिसेंबरला आणि काढणी फेब्रुवारीच्या मध्यावर. जेमतेम जमतं, गड्डे थोडे लहान राहतात. या उशिराच्या तारखेला ड्रमहेड लावली तर गड्डा भरायची वेळ येते फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये, म्हणजे पस्तीस अंशांकडे चढणाऱ्या दुपारी. जानेवारीत पानंच पानं दिसणारी बागेतली बरीच झाडं या हिशेबातली असतात.

बी उशिरा पडण्यामागे कारण असतं. सप्टेंबरात पावसाची झड लागली की रोपं मानेत सडून कोलमडतात, म्हणून लोक पाऊस जाण्याची वाट बघतात. वाट बघू नका, रोपं छपराखाली करा. ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत ३:१, एका कप्प्यात एक बी, खोली एक सेंटिमीटर. वर पारदर्शक प्लास्टिक, चारही बाजू मोकळ्या. शेडनेट फक्त उगवण होईपर्यंत, चार-पाच दिवस. पुढे ठेवलं तर रोपं काटकुळी होतात. पाणी सकाळीच, आणि वरचा थर सुकल्यावरच. जमिनीत करायचं तर गादीवाफा किमान १५ सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

चार-पाच पानांचं, १२ ते १५ सेंटिमीटर उंचीचं रोप लावायला योग्य. पंचेचाळीस दिवसांचं, खोड कडक झालेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते लावल्यावर ठाण मांडून बसतं.

ऑक्टोबरातली लागण संध्याकाळी करा, पहिले चार-पाच दिवस सावली धरा आणि ओळींमध्ये पाचट किंवा पेंढ्याचा पाच सेंटिमीटर थर द्या. मुळांपाशी जमीन थोडी जरी गार राहिली तरी रोप लवकर सावरतं. अंतर लवकर येणाऱ्या जातींना ४५ × ४५ सेंटिमीटर, ड्रमहेडला ६० × ६०.

नाशिक-निफाड पट्ट्यात थंडी लवकर येते आणि टिकते, तिथे पंधरा दिवस मागेपुढे झाले तरी खपतं. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर खपत नाही. तिथे जानेवारीची सरासरीही २४ च्या आसपास असते, आणि भात कापून खाचर मोकळं होईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. अशा ठिकाणी उष्णता सोसणारा, ५५-६० दिवसांचा संकरित वाणच घ्या. जुन्या जातींच्या नादी लागू नका. कोकण-गोव्याच्या लाल आम्ल मातीत लागणीआधी दोन-तीन आठवडे चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना मिसळला तर पुढचं बरंच दुखणं टळतं.

“थंडी सोसणारी” जात आणली तरी?

परदेशातून येणारे नातेवाईक हौसेने सॅव्हॉय किंवा जानेवारी किंगची पाकिटं आणतात. पाकिटावर बर्फातला कोबी असतो, तो बघून आपल्यालाही मोह होतो. पण थंडी सोसणं आणि उबेत गड्डा धरणं हे दोन वेगळे गुण आहेत. जानेवारी किंग ब्रिटनमध्ये एप्रिल ते जूनमध्ये पेरतात आणि थेट नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कापतात. इतके महिने लागणारं झाड आपल्या ऐंशी दिवसांच्या थंडीत काय करणार? आपल्याकडे गोठवणाऱ्या रात्री मोजक्या, त्याही निफाड किंवा महाबळेश्वरला. तिथे दहिवर गोठून सकाळी पानं काचेसारखी दिसली तरी साधा कोबीही तेवढं सहन करतो. ऊन येऊन पानं आपोआप सैल होईपर्यंत त्यांना हात मात्र लावू नका, दाबली की तिथे काळी पडतात.

लंडन-लेस्टरकडच्या मराठी घरांत नेमकी उलटी चूक होते. तिथे थंडीत झाड तगतं, पण नोव्हेंबरनंतर दिवस इतके लहान होतात की वाढ जवळजवळ थांबते. म्हणून बी मे महिन्यात आणि लागण जुलैअखेरपर्यंत; ऑक्टोबरपर्यंत झाड भरदार झालंच पाहिजे. वसंतातला कोबी हवा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पेरून लहान रोपं हिवाळ्यात उभी ठेवतात. ती फार लवकर पेरून खोड पेन्सिलीएवढं जाड झालं आणि मग दीड-दोन महिने थंडी लागली, की वसंतात गड्ड्याऐवजी सरळ फुलांचा दांडा येतो. आणि जाळी लावायला विसरू नका, तिथली रानकबुतरं कोबीचा फडशा पाडतात.

जूनमधलं ऊन आणि डिसेंबरमधलं ऊन

हे कारण गच्चीवर आणि बंगल्यांच्या मागच्या अंगणात सर्रास असतं आणि फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला ज्या कोपऱ्यात छान ऊन होतं, तिथेच कोबी लावला जातो. पण जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर असतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडे झुकतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशच वर येतो. म्हणजे दक्षिणेला तीन फुटांचा कठडा असेल तर दुपारी बारालाही पावणेतीन फूट सावली पडते, वीस फुटांची इमारत असेल तर अठरा फूट. सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब.

कोबीला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. डिसेंबरच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी नऊ, बारा आणि तीन वाजता सावलीच्या रेषेवर खडूने खूण करा. कुंड्या असतील तर सरकवा, नाहीतर विटांवर चढवा. एका झाडाला निदान बारा-पंधरा लिटर माती लागते, म्हणजे बारा इंची कुंडी. आठ इंची कुंडीत पानकोबी फक्त पानांचाच होतो. काळ्या ग्रो बॅगा तापलेल्या स्लॅबवर टेकवू नका, मुळं भाजतात.

खत, आणि युरियाचा मोह

मोठ्या लागवडीला हेक्टरी १६० किलो नत्र, ८० स्फुरद, ८० पालाश असं धरतात. परसबागेच्या हिशेबात ते चौरस मीटरला सुमारे ३५ ग्रॅम युरिया, ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १३ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश होतं. जोडीला दोन किलो कुजलेलं शेणखत. सुपर, पोटॅश आणि निम्मा युरिया लावताना. उरलेला युरिया दोन हप्त्यांत, विसाव्या-पंचविसाव्या दिवशी आणि चाळीस-पंचेचाळीसाव्या दिवशी, बुंध्यापासून चार बोटं दूर. चहाच्या सपाट चमच्यात साधारण चार ग्रॅम युरिया मावतो, त्यामुळे या हप्त्यांत एका झाडाला अर्धा चमचासुद्धा भरपूर झाला.

गड्डा भरत नाही म्हणून साठाव्या दिवशी मूठभर युरिया टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. पानं लुसलुशीत होतात, मावा धावत येतो, आणि धरलेला गड्डा असेल तर तो सैल राहतो. उलट थंडीत पानं जांभळट दिसली तर घाबरू नका. गार मातीतून स्फुरद नीट उचललं जात नाही म्हणून तसं होतं, काही जातींत तो रंग मुळातलाच असतो.

गड्डा कापल्यावर खोड आतून पोकळ निघालं तर पोकळीची भिंत बघा. पांढरी, स्वच्छ असेल तर झाड फक्त फार वेगाने वाढलंय. पुढच्या वर्षी अंतर आणि युरिया थोडा कमी करा. तपकिरी, बुचासारखी असेल तर बोरॉन कमी आहे. त्याला बोरॅक्स, पण चौरस मीटरला एकच ग्रॅम, आणि तोही वाळूत मिसळून. जास्त बोरॉन विषासारखं काम करतं.

आता जानेवारी उजाडलाय, काय वाचेल?

मधली पानं ओंजळीसारखी वळायला लागली असतील तर झाड ठेवा. खत थांबवा, पाणी नियमित ठेवा, बुंध्याला मातीची भर द्या. दुपारची झळ वाढू लागली की पश्चिमेकडून शेडनेट लावलं तर आणखी आठ-दहा दिवस पदरात पडतात.

पानं अजून लांब देठाची आणि सरळ पसरलेली असतील, जात उशिराची असेल आणि महिनाअखेर आली असेल, तर आशा सोडा. बाहेरची पानं दोरीने बांधून गड्डा होत नाही. फ्लॉवरचा गड्डा पांढरा राहावा म्हणून तसं करतात, ते पाहून इथे नक्कल होते. कोबीत आत नुसता ओलावा कोंडतो आणि मावा-सड सुरू होते. मधली कोवळी पानं भाजीला काढा आणि जागा मेथीला द्या.

भोकं आणि पिवळे त्रिकोण

पानांवर काचेच्या खिडक्यांसारखे पातळ पापुद्रे आणि मग भोकं दिसली तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. हिरवी, बोटभरही नाही, हात लावला की वळवळत दोऱ्यावर लोंबते. तिला मोहरी कोबीपेक्षा प्रिय. कोबीच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेला मोहरीची एक ओळ पेरा आणि लागणीनंतर पंचवीस दिवसांनी दुसरी; फवारा मोहरीवर आधी. औषध म्हणून पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, किंवा बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर लिटरला एक ते दोन ग्रॅम. दोन्ही संध्याकाळी, कारण उन्हात त्यांचा जोर जातो.

एक बारीक गोष्ट इथे फार मोठी ठरते. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, फवारा अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून जातो. लिटरला दोन-तीन थेंब द्रव साबण घातल्याशिवाय फवारणी म्हणजे मातीला औषध. पानाची खालची बाजू ओली झाली का ते उलटून बघा.

पानाच्या कडेपासून आत शिरणारे व्ही आकाराचे पिवळे डाग आणि काळ्या पडलेल्या शिरा दिसल्या तर तो घाण्या रोग. तो जिवाणूंचा आहे, औषधाने हटत नाही. झाड उपटून लांब टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि त्या जागी दोन-तीन वर्षं कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी काहीही नको. रोग बियाण्यातून येतो. घरचं किंवा सुटं बी असेल तर ५० अंशांच्या पाण्यात पंचवीस मिनिटं बुडवून, लगेच गार करून, सावलीत सुकवून पेरा. पाण्यात थर्मामीटर ठेवा. अंदाजाने केलं तर बीच शिजतं.

गड्डा धरला, आणि एका रात्रीत फुटला

ही वरच्या सगळ्याच्या उलट तक्रार, आणि तिचं कारण बहुतेकदा एकच. आठवडाभर कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं, किंवा अवकाळी पाऊस झाला. आतली पानं झपाट्याने फुगतात, बाहेरचं तयार झालेलं कवच ताणत नाही, आणि गड्डा कलिंगडासारखा तडकतो. थंडीत भारी जमिनीला आठ-दहा दिवसांनी, हलक्या जमिनीला पाच-सहा दिवसांनी, कुंडीला दिवसाआड असं पाणी सारखं ठेवा. गड्डा अंगठ्याने दाबून घट्ट लागला की पाणी निम्म्यावर आणा.

तयार गड्डे चार-पाच दिवस थांबवायचे असतील तर गड्डा दोन्ही हातांनी धरून पाव वळसा फिरवा. काही मुळं तुटल्याचा कटकट आवाज येतो, पाणी ओढणं मंदावतं आणि फुटणं टळतं. जमिनीत घट्ट बसलेल्या झाडाला खुरप्याने एका बाजूने, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, मुळं कापली तरी तेच साधतं. फुटलेला गड्डा वाया जात नाही, पण त्याच दिवशी कापा. रात्रीच्या दहिवराने चिरेत बुरशी धरते.

कापताना बाहेरची दोन-तीन पानं गड्ड्याबरोबर आणि बाकीची खोडावर राहू द्या. जानेवारीच्या आत कापलं असेल तर उरलेल्या खोडाच्या माथ्यावर सुरीने बोटभर खोल फुली मारा आणि थोडं पाणी देत राहा. महिन्याभरात कडेने मुठीएवढे तीन-चार छोटे कोबी येतात.